तीन बोटं रुंद

लेबल तीन बोटं रुंद. ओळी दोनच मावतात.
तेवढ्यासाठी मंगळवारी मशीनं बंद करून बसलो
आम्ही अकरा जण, अकराही मालक,
मोज्यांच्या जुन्या गिरणीमागच्या शेडमध्ये,
जिथं फरशीवर अजून दिसतात
उचलून नेलेल्या यंत्रांचे चौकोन,
कापलेले बोल्ट, आणि कशानंच न निघणारं तेल.
यंत्रं बोटीनं गेली.
कुठल्या देशात, ते उत्तर दर दोन वर्षांनी बदलायचं.

टू गेर वांगनं फळ्यावर मांडून ठेवलेलं:
कापूस इथून एकशेऐंशी मैलांवरचा, फवारणीशिवाय.
सूत पलीकडच्या काउंटीत काततात.
रंग अक्रोडाच्या सालींचा,
एक घाणा फसला, त्याच्या पिशव्या केल्या.
शिलाई इथली.
"मग लिहून टाकू सरळ," तो म्हणाला,
"ऑरगॅनिक. याच देशात बनलेलं.
झाल्या दोन ओळी, घरी जाऊ."

एउफेमिया शिलोख मान वर न करता दोरा ओवत होती.
कोंबड्यांच्या कारखान्यात सात वर्षं काढलेली बाई.
"तिथं बाथरूमला जायचं तर हात वर करायचा,
आणि मुकादमानं बघेपर्यंत तो तसाच धरायचा.
इथं मी उठते, जाते, परत येते.
हे लिहा की."
आम्ही हसलो.
मग तिचा उजवा खांदा दिसला,
अजून किंचित वरच राहिलेला.

ओडेसा प्रूइट तोवर गप्प होती.
चौतीस वर्षं याच आवारात
तिनं मोज्यांची पुढची तोंडं शिवून बंद केली.
चष्मा पुसला, परत लावला, परत काढला.

"माझ्या आईची आजी हॅलिफॅक्सकडे कापूस वेचायची.
तेव्हा कसलं आलंय औषध?
बोंडांवरच्या अळ्या पोरांना टिपायला लावायचे.
ऑरगॅनिकच होता की तो.
सरकी इथलीच, सूत इथलंच, कापडही इथलंच.
तिची बोटं सोडून सगळं मालकाचं."
थांबली.
"नाही. बोटंसुद्धा.

या तुमच्या दोन ओळी
तिच्या खांद्यावरच्या पोत्यावर
जशाच्या तशा शोभल्या असत्या."

हीटर टक टक करत तापत राहिला.
फळ्यावरचं कुणी पुसलं नाही, कुणी वाचलंही नाही.

मी कापणीच्या टेबलावर असतो, म्हणून मला आकडे माहीत:
अडुसष्ट डॉलर एक शर्ट,
त्यातले एकतीस हातांचे.
त्या दिवशी माझ्या अंगात होता तो नऊ डॉलरचा.
त्याच्या कॉलरमागं एका देशाचं नाव आहे.
बाईचं नाही.
आमचा शर्ट आमच्यातल्या कुणाला परवडत नाही,
हेही कुठंतरी लिहायला हवं,
पण तीन बोटांत कुठं?

काहीच ठरलं नाही.
लेबलं कोरीच शिवली, पहिल्या बारा शर्टांना.

पहिल्याची घडी ओडेसानं मोडायची,
एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत.
तिनं तो आधी उलटा केला.
सुलट बाजू गिऱ्हाईक बघतं, ती म्हणते,
आणि काखेतल्या शिवणीवरून अंगठ्याचं नख फिरवत नेलं.
नख अडलं.
"कुणाचं हे?"
"माझं," मी म्हणालो. "शेवटी शेवटी घाई झाली."
"कुणी केली तुला घाई?"

उत्तर नव्हतं. चौतीस वर्षांत
तिला तरी कुणी विचारलं होतं का हे?

उसवलं. पुन्हा शिवलं.
वीस मिनिटं गेली, ती एउफेमियानं वहीत मांडली,
माझ्या नावावर, पगारात.
मी नको म्हणालो तर तिनं पेन आणखी दाबून लिहिलं.

मग ओडेसानं शर्ट घातला,
अक्रोडी, बाह्या जराशा लांब,
आरसा नव्हता म्हणून खिडकीच्या काचेत बघितलं.
बराच वेळ बघितलं.
मान वळवली, मागं हात नेला.
"लेबल टोचतंय," म्हणाली, "कात्री आण."

थांबा म्हणावंसं वाटलं.
कात्री दिली.